गटासोबत परदेशी शिकायला गेल्यावर मोकळ्या वेळेतही संस्थेचे नियम लागू होतात का?

प्रश्न

आमच्या महाविद्यालयातर्फे १६ विद्यार्थी आणि २ प्राध्यापक सहा आठवड्यांच्या अभ्यासक्रमासाठी परदेशी जाणार आहेत. निघण्यापूर्वी आम्हा सर्वांना आचारसंहितेवर सही करावयाची आहे. वर्गातील उपस्थितीविषयीच्या अटी मला मान्य आहेत; परंतु सुट्टीच्या दिवशी शहराबाहेर जाण्यापूर्वी कळवावे, रात्री ठरलेल्या वेळेत परतावे आणि मद्यपान करू नये, अशीही कलमे त्यात आहेत. आम्ही सर्वांनी वयाची १८ वर्षे पूर्ण केली आहेत. मग आमच्या मोकळ्या वेळेवर संस्थेचा अधिकार कसा चालतो? शिवाय खोलीतील सोबतिणीने नियम मोडला, तर ते प्राध्यापकांना सांगणे माझे कर्तव्य ठरते का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

मी शिक्षिका म्हणून तीन वेळा असे गट घेऊन गेले आहे. ‘कळवावे’ याचा अर्थ ‘परवानगी मागावी’ असा आपण घेतला असावा, आणि बहुतेक विद्यार्थी तो तसाच घेतात. एकदा आमचे दोन विद्यार्थी कोणालाही न सांगता शेजारच्या गावी गेले, परतीची शेवटची गाडी चुकली आणि दोघांचेही फोन बंद पडले. ते रात्रभर स्थानकावर सुखरूप बसून होते, पण आम्ही मात्र पहाटेपर्यंत रुग्णालयांना फोन करत होतो आणि दुसऱ्या दिवशीची संपूर्ण गटाची अभ्यासभेट रद्द करावी लागली. तेव्हापासून कुठे जाणार, कोणासोबत जाणार, कुठे उतरणार आणि केव्हा परतणार एवढेच मी लिहून मागते. त्या चार ओळी देण्यात स्वातंत्र्याचा संकोच होतो, असे मला वाटत नाही.

आचारसंहितेत सहसा नसणारी एक गोष्टही सांगते. गटातील मुले वर्गात एकत्र बसतात आणि आपसांत आपल्याच भाषेत बोलत राहतात. यात कोणाचाही वाईट हेतू नसतो. परंतु शेजारी बसलेल्या स्थानिक विद्यार्थ्याला आपल्याविषयीच काही बोलले जात आहे असे वाटू लागते आणि आठवडाभरात तो दुसऱ्या बाकावर जाऊन बसतो. ज्यांच्यासोबत शिकायला इतक्या लांब यायचे, तेच अशा रीतीने दुरावतात. चर्चेसाठी जोड्या करताना दोघे आपलेच नसावेत, ही सवय पहिल्याच दिवसापासून लावून घ्यावी.

उत्तर २

‘१८ वर्षे पूर्ण’ हा आधार सर्वत्र पुरत नाही. अमेरिकेत मद्य विकत घेण्यासाठी वयाची अट २१ वर्षांची आहे. जपानने एप्रिल २०२२ पासून सज्ञानतेचे वय १८ केले, तरी मद्य आणि तंबाखूसाठीची २० वर्षांची मर्यादा कायम ठेवली. सिंगापूरमध्ये ई-सिगारेट नुसती जवळ बाळगणेही गुन्हा आहे. अटक झालीच, तर १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमानुसार आपल्या वकिलातीला कळवण्याची मागणी करता येते. तेथील अधिकारी भेटू शकतात आणि वकील मिळवून देण्यास मदत करू शकतात, परंतु तुम्हाला सोडवून आणण्याचा अधिकार त्यांना नसतो.

सुट्टीत दुसऱ्या देशात जायचे असेल, तर व्हिसा एकाच प्रवेशाचा आहे की अनेक प्रवेशांचा, हे आधी पाहावे. एकाच प्रवेशाच्या व्हिसावर, तो ज्या देशासाठी किंवा देशांच्या गटासाठी आहे त्याबाहेर पडलात, तर अभ्यासक्रम अर्धवट असतानाही परत प्रवेश मिळणार नाही. कळवण्याच्या कलमाचा येथे प्रत्यक्ष उपयोग होतो, कारण अशी चूक अनुभवी प्राध्यापकाच्या लक्षात तुम्ही निघण्याआधीच येते.

उत्तर ३

आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. सोबती रात्री उशिरा आला, एवढ्यासाठी लगेच प्राध्यापकांकडे जाऊ नये; आधी त्याच्याशीच स्पष्ट बोलावे. मात्र कोणी मद्यपानाने बेशुद्ध झाले असेल, तर क्षणभरही विचार करू नये. त्याला कुशीवर वळवावे, एकटे सोडू नये आणि आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. युरोपीय संघात तो ११२ आहे, अमेरिकेत ९११. शिक्षेच्या भीतीने मित्राला झोपू देणे, ही सर्वांत घातक चूक आहे.

माझ्याकडून वेगळी चूक झाली होती. माझ्या खोलीतील सोबत्याने दुसऱ्या आठवड्यापासून वर्गाला येणे सोडले, तो जेवेनासा झाला आणि दिवसभर पडदे लावून पडून राहू लागला. ‘सरांना सांगू नकोस’ असे त्याने म्हटले आणि मी ते मैत्री म्हणून पाळले. त्याला घरची ओढ असह्य झाली होती, हे सर्वांना कळले तेव्हा चौथा आठवडा उजाडला होता आणि त्याला परत पाठवण्यावाचून मार्ग उरला नव्हता. मी आठ दिवस आधी बोललो असतो, तर निदान समुपदेशकाची भेट तरी ठरवता आली असती. ही खंत मला आजही आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची आभारी आहे. मद्यपानावरील सरसकट बंदी मला अजूनही पूर्णपणे पटलेली नाही आणि त्याविषयी मी प्राध्यापकांशी सहीपूर्वी बोलणार आहे. व्हिसा मात्र आजच काढून पाहिला. तो एकाच प्रवेशाचा आहे, आणि आम्ही तिघी दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या देशात जाण्याचे ठरवत होतो.