मदत हवी आहे: गुहेतला उन्हाचा झोत फोटोत कसा पकडायचा?

मंडळी, पुढच्या महिन्यात पुन्हा मेक्सिकोला, युकातानमधल्या वायादोलिदला जातोय. तिथल्या सुयतुन सेनोटेत, म्हणजे पाण्याने भरलेल्या गुहेत, दुपारच्या सुमारास छताच्या भोकातून ऊन थेट खालच्या गोल दगडी चौथऱ्यावर उतरतं. गेल्या खेपेला पार फजिती झाली. झोत पांढराफटक, बाकी गुहा काळीकुट्ट, त्यात दमटपणामुळे लेन्सवर वाफ! बनियनने तीनदा पुसली, तेवढ्यात वर ढग आला. मागे रांगेतले लोक वैतागले ते वेगळंच.

कॅमेरा हातात धरूनच काढणार, आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) १६०० च्या आसपास. उजेडावर मीटरिंग करून (झोताचा प्रकाश मोजून त्यानुसार कॅमेरा लावून) रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या, फाइलमधल्या सावल्या नंतर उजळू, की एक उजळ, एक गडद असे दोन एक्स्पोजर (फोटो) जोडू? पण पाण्यात माणसं डुंबत असतात, ती हलणारच ना! आणि त्या वाफेवर काही घरगुती उपाय आहे का?