3 डिसेंबरचा संगीत-दिनविशेष: कोणत्या नोंदी ठेवाव्यात, तारखा कशा तपासाव्यात?

असोदारोड
राम राम मंडळी. जळगावातल्या एका वाचनालयासाठी 3 डिसेंबरचा फलक आणि अर्ध्या तासाचा श्रवण कार्यक्रम करायचा आहे. विषय: या तारखेला लोकप्रिय संगीतात काय घडलं. जमवलेल्या नोंदी अशा:
1951 बहिणाबाई चौधरींचं निधन
1952 रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू
1965 बीटल्सची ‘रबर सोल’ तबकडी
1968 एल्विस प्रेस्लीचा टीव्हीवरचा पुनरागमनाचा कार्यक्रम
1976 जमैकाचा गायक बॉब मार्लेवर गोळीबार
1979 अमेरिकेत सिनसिनाटीला ‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडच्या कार्यक्रमात चेंगराचेंगरी
यातलं काय ठेवावं, क्रम कसा लावावा? आणि नेटवर फिरणाऱ्या तारखांवर विश्वास कितपत ठेवावा?

तबकडी
सहाही नोंदी बरोबर आहेत. तरी यापुढे दर महिन्याला फलक करणार असाल तर तपासणीची पद्धत बसवून घ्या.

पहिली चाळणी वाराची. 3 डिसेंबरनंतर बरोबर 28 दिवसांनी 31 डिसेंबर येतो, म्हणून दोघांचा वार नेहमी एकच. 31 डिसेंबर 1952 ला बुधवार होता, म्हणजे 3 डिसेंबरलाही बुधवार. गीतमाला बुधवारीच लागायची, तेव्हा तारीख जुळली. वार जुळला म्हणून तारीख सिद्ध होत नाही, पण साप्ताहिक कार्यक्रमाचा वार चुकला तर ती तारीख नक्की चुकीची.

दुसरी चाळणी: कशाची तारीख? एल्विसच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण जून 1968 मध्ये झालं, 3 डिसेंबरला तो फक्त प्रसारित झाला. ‘रबर सोल’ इंग्लंडमध्ये 3 डिसेंबरला आली, अमेरिकेत 6 डिसेंबरला, आणि गाणीही वेगळी: इंग्लंडच्या तबकडीवर 14, अमेरिकेच्या तबकडीवर 12. फलकावर ‘इंग्लंडमध्ये प्रकाशित’ हे दोन शब्द लिहिलेच पाहिजेत.

तिसरी, आकड्यांचा क्रम. अमेरिकी लिखाणात 12/3 म्हणजे 3 डिसेंबर. आपण ते 12 मार्च वाचतो. डिसेंबरच्या नोंदी मार्चच्या फलकावर जातात त्या अशा. महिना अक्षरातच उतरवून घ्या. आणि घटना जिथे घडली तिथलीच तारीख धरा. एल्विसचा कार्यक्रम तिथे रात्री सुरू झाला तेव्हा आपल्याकडे 4 तारखेची सकाळ होती, म्हणून आपण तो 4 तारखेत टाकत नाही.

पंचांगवाला
बहिणाबाईंच्या नोंदीत निधनाची तारीख पक्की आहे. गोंधळ जन्मतारखेचा, आणि फलकावर तीही येणार म्हणून सांगतो. जन्म असोद्याचा, नागपंचमीचा, साल 1880. छापील तारीख बहुतेक ठिकाणी 24 ऑगस्ट, काही ठिकाणी 11 ऑगस्ट.

हिशेब करून बघा. 11 जानेवारी 1880 ला सूर्यग्रहण होतं, म्हणजे अमावास्या. तिथून सात चांद्रमास, 29.53 गुणिले 7, म्हणजे सुमारे 207 दिवस पुढे गेलं की 5-6 ऑगस्टची अमावास्या येते. श्रावण शुद्ध पंचमी त्यावरून 10-11 ऑगस्टला पडते. 24 ऑगस्टला वद्य पक्ष चालू होता; त्या दिवशी नागपंचमी असूच शकत नाही. तिथी खरी मानली तर 11 ऑगस्ट. जयंती 24 ला साजरी करायची प्रथा आहे, तिला हात लावायचं कारण नाही, पण फलकावर ‘नागपंचमी, 1880’ एवढंच लिहिलंत तर कोणाला बोट ठेवता येणार नाही.

लेवा_बोली
क्रम सालाप्रमाणे लावला की 1951 ची नोंद आपोआप पहिली येते आणि तेच योग्य आहे. बहिणाबाई गेल्या त्याच तारखेला, बरोबर वर्षाने गीतमाला सुरू झाली. 1952 मध्येच ‘बहिणाबाईंची गाणी’ पुस्तकरूपाने आली. जात्यावरचं गाणं छापलं गेलं आणि सिनेमाचं गाणं रेडिओवरून घरोघर पोचलं, दोन्ही एकाच साली. जळगावात हा कार्यक्रम करताना सगळा भर याच जोडीवर द्या.

गीतमालेचं कारण सांगायला विसरू नका. नभोवाणी मंत्री डॉ. बा. वि. केसकरांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं होतं. श्रोते शॉर्टवेव्हवर सिलोन लावू लागले आणि अमीन सयानींचा आवाज तिथून आला. हे सांगितलं नाही तर परदेशी केंद्र कशासाठी, हे तरुणांना कळत नाही.

अर्ध्या तासाची वाटणी: बहिणाबाईंच्या दोन कविता वाचून 6 मिनिटं, मग ‘मानिनी’ (1961) मधलं वसंत पवारांच्या चालीचं त्यांचंच एक गाणं 4 मिनिटं. गीतमाला 9 मिनिटं. ‘रबर सोल’ 5 मिनिटं. त्यातलं सतारीचं गाणं जेमतेम दोन मिनिटांचं आहे, ते पूर्ण वाजवा, जॉर्ज हॅरिसनने सतार वाजवलेली लोकांना लगेच ओळखू येते. उरलेली 6 मिनिटं प्रास्ताविक आणि अदलाबदलीला. निवेदन मिनिटाला 110 शब्दांपेक्षा जलद नको, म्हणजे तीन मिनिटांचं निवेदन 330 शब्दांत बसवा.

कविता छापलेल्या बोलीतच वाचा. प्रमाण मराठीत ‘सुधारून’ वाचली की अक्षरं कमी-जास्त होतात आणि ओवीची लय मोडते. वाचणारा असोदा-भादलीकडचा मिळाला तर फारच उत्तम.

तबकडी
मार्ले आणि सिनसिनाटी फलकावरच ठेवा. मार्लेच्या नोंदीत पुढची ओळ हवी: किंग्स्टनच्या राहत्या घरी गोळी लागूनही तो दोन दिवसांनी, 5 डिसेंबरला, मंचावर उभा राहून गायला. सिनसिनाटीत 11 जण गेले. जागांना क्रमांक नव्हते, दारं मोजकीच उघडलेली, आणि आत वाद्यांचा आवाज ऐकून कार्यक्रम सुरू झाला असं बाहेरच्यांना वाटलं. आयोजकांनी ही नोंद वाचावी अशीच आहे.

असोदारोड
आभार. ‘नागपंचमी, 1880’ असंच लिहितो. बहिणाबाईंच्या कविता जाहीर वाचायला परवानगी लागते का?

लेवा_बोली
नाही. मरणोत्तर प्रकाशित साहित्याचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं चालतो. पुस्तक 1952 चं, म्हणून 2012 अखेर मुदत संपली. चालीचं गणित वेगळं: संगीतकाराच्या निधनानंतर 60 वर्षं, ते ‘मानिनी’च्या गाण्यासाठी स्वतंत्र बघा.