जंतूंची धास्ती जरा अतीच होऊन राहिली का?

त्रिमूर्तीनगरचा
आमच्या बिल्डिंगमध्ये एका घरी दिवसातून तीनदा पोछा लागतो, तिन्ही वेळा फिनाईल टाकून. पार्सल आलं की स्प्रे, दाराच्या कड्यांना सॅनिटायझर, आणि लेकराला खाली मातीत खेळायची बंदी. कोरोना येऊन गेला, पण हातातली बाटली काही सुटली नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने एप्रिल 2021 मध्येच सांगितलं होतं की दूषित वस्तूला हात लागून कोरोना व्हायची शक्यता साधारण दहा हजारांत एकापेक्षाही कमी. ते कोणी वाचलंच नाही बहुतेक.

साबणाचंही तेच. 2016 मध्ये तिथल्याच एफडीएने, म्हणजे अन्न-औषध प्रशासनाने, ट्रायक्लोसानसकट 19 जंतुनाशक घटक हात धुवायच्या घरगुती साबणांतून काढायला लावले, कारण साध्या साबणापेक्षा ते सरस आहेत हे कंपन्यांना दाखवताच आलं नाही. आपण मात्र जास्त पैसे देऊन तेच शोधतो. माझं मत स्पष्ट आहे, हे अती होतंय. बोला.

वॉर्डातली_सिस्टर
अती म्हणणाऱ्यांनी पावसाळ्यात एकदा बालरोग वॉर्डात चक्कर मारावी. हगवण, टायफॉईड, कावीळ. सलाईन लावायला लेकराची शीर सापडत नाही इतकं ते सुकलेलं असतं. त्यामागे दर वेळी गटाराचं पाणीच असतं असं नाही. बाळाची शी धुतली आणि हात नुसते पाण्याखाली धरून कणीक मळायला घेतली, एवढंही पुरतं.
1847 साली व्हिएन्नातल्या दवाखान्यात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने बाकीच्या डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले, तेव्हा बाळंतिणींचे मृत्यू धडाधड कमी झाले. त्या काळच्या बड्या डॉक्टरांनाही ते अतीच वाटलं होतं.

त्रिमूर्तीनगरचा
सिस्टर, हात धुण्याला कोण नाही म्हणतंय? मी कड्या पुसण्याबद्दल बोलतोय.

महालातले_काका
आम्ही वाड्यात वाढलो. विहिरीचं पाणी, शेणाचं सारवण, गोठा घराला लागून. काही नाही झालं बाप्पा. आताच्या पोट्ट्यांना एसीची हवा लागली तरी शिंका.

वॉर्डातली_सिस्टर
काका, ज्यांना झालं ते इथं लिहायला उरले नाहीत. तुमच्या वाड्यातल्या किती भावंडांची नावं नुसती आईच्या तोंडी राहिली, ते आठवून पाहा.

पेट्री_डिश
सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं लांबण. काका म्हणतात त्यात तथ्य आहे, पण निष्कर्ष चुकतो. 1989 मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश संशोधकाने 1958 साली जन्मलेल्या 17,000 हून जास्त ब्रिटिश मुलांची माहिती तपासली. ज्यांना मोठी भावंडं जास्त, त्यांना परागकणांची ॲलर्जी कमी. भावंडांकडून लहानपणीच जंतू लागतात म्हणून असावं, असा त्याचा अंदाज. लोकांनी त्याचा अर्थ ‘घर घाण ठेवा’ असा लावला. 2003 मध्ये ग्रॅहम रूक या ब्रिटिश शास्त्रज्ञाने वेगळं मांडलं. माती, जनावरं, माणसं यांच्यासोबत पिढ्यानपिढ्या आलेले निरुपद्रवी जंतू आपल्या प्रतिकारशक्तीला शिकवतात. हगवणीचे जंतू त्यात बसत नाहीत. म्हणून लेकराला मातीत खेळू द्या, आणि जेवणाआधी साबणाने हात धुवायला लावा. दोन्ही.

आता धास्ती कशाची हवी ते सांगतो. बाथरूम पुसलेला पोछा त्याच बादलीत बुचकळून स्वयंपाकघरात येतो. पाणी मळलं की फिनाईलचा जोर उतरतो, वास तेवढा राहतो. चिकन नळाखाली धुतलं की शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर. ओट्याचं फडकं आठवडाभर ओलं.

आणि आपलं नागपुरी पाप म्हणजे कूलर. मार्चपासून चालतो, पाऊस लागला की बंद, पण टाकी खिडकीवर भरलेली तशीच. डेंग्यूचा एडिस डास बहुतेक साठलेल्या स्वच्छ पाण्याच्या जागी अंडी घालतो, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला चिकटवून. ती कोरडी पडूनही महिनोन् महिने जगतात. त्यामुळे नुसतं पाणी ओतून भागत नाही, भिंती ब्रशने घासाव्या लागतात, तेही दर आठवड्याला. कड्या पुसणाऱ्या किती घरांत हे होतं?

प्रतापनगरची_ताई
तुम्हा सगळ्यांचं ठीक आहे. आमच्या घरी कॅन्सरची केमो चालू आहे, पांढऱ्या पेशी खाली गेल्या की साधा ताप आला तरी ॲडमिट. मी कड्या पुसते आणि पुसत राहणार. कामाला येणाऱ्या मावशींचा कपही त्यासाठीच वेगळा ठेवलाय. लोकांच्या घरची स्वच्छता मोजायची हौस कशाला? फिनाईल जास्त पडलं तर कोणाचं काय बिघडतं?

वॉर्डातली_सिस्टर
ताई, तुमच्या घरी कड्या पुसणं बरोबरच आहे. शिजवलेलं ताजं अन्न आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचे हात, हे त्याहून वर ठेवा.

पोछेवाली_लेक
बिघडतं, ताई. माझी आई लोकांकडे कामाला जाते. एका घरी पांढरं झालं पाहिजे म्हणून तिला संडासात ॲसिड आणि त्यावर ब्लीचिंग पावडर टाकायला लावली. त्यातून क्लोरिन वायू निघतो. खोकून खोकून बेजार झाली, मालकीण बाहेरून दार लोटून उभी. 2018 साली नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी युरोपातल्या 6,000 हून जास्त लोकांची 20 वर्षांची माहिती मांडली. घरी किंवा नोकरीत साफसफाई करणाऱ्या बायकांची फुप्फुसं इतर बायकांपेक्षा लवकर उतरलेली दिसली.

आणि कपाचं म्हणाल तर, जंतू साबणाने जातात, मग धुतलेला कप वेगळा कशाला? आईने लाटलेल्या पोळ्या चालतात, तिचा कप चालत नाही, हे कोणत्या जंतूचं शास्त्र? पेट्री_डिश सर, तुम्हीच सांगा.

पेट्री_डिश
असा जंतू नाही.

प्रतापनगरची_ताई
कप सासूबाईंच्या काळापासून वेगळा आहे, केमोच्या आधीपासून. त्यावर मी इथं भांडत नाही. घरात इन्फेक्शन शिरू द्यायचं नाही, एवढंच मला कळतं.

त्रिमूर्तीनगरचा
मग ताई, आज बाथरूमची बादली आणि पोछा तरी वेगळा करा. दुकानात वेगळ्या रंगाची मिळते.

महालातले_काका
राजेहो, माझा कूलर अजून खिडकीवर आहे, टाकी भरलेली. उतरवायला कोणी येतं का?