मदत हवी आहे: बेळगावहून एका दिवसात शिवोली, फातोर्डा आणि पोटभर मासे, जमेल काय?

नमस्कार मंडळी. दसरा झाला की एक रविवार धरून गोव्याला जाऊन यायचं ठरवायलोय, राहायचं नाही, रात्री घरी परत. गाडीत बाबा, आई, मी आणि माझा पोरगा. बाबा एकेकाळी लेले ग्राऊंडवर गोलकीपर होते, त्यामुळं गोव्याचे गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर म्हटलं की अजून खुर्चीत ताठ बसतात. १९८३-८४ ची संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्याराज्यांची फुटबॉल स्पर्धा, गोव्यानं एकपण गोल न खाता जिंकली हे आमच्या घरात इतक्यांदा ऐकून झालंय की आता पोरगंच पुढचं वाक्य म्हणतंय.

भाऊ म्हणतोय एवढं लांब कशाला, कोल्हापूरला चला, खासबाग दाखवू, शाहू महाराजांचं कुस्तीचं मैदान, १९१२ चं, हायवेनं दोन तासांत पोचतोय. बरोबर आहे की, पण तिथं जेवायला तांबडा-पांढरा, आणि बाबांना पाहिजेत मासे, ते पण कॅम्पातल्या मार्केटातले बर्फातले नकोत.

तर डोक्यात असं आहे: पहाटे निघायचं, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट उतरून साखळी, डिचोली, म्हापसा करत शिवोली. का तर १८८३ साली फादर विल्यम लायन्स यांनी गोव्यात फुटबॉल पहिल्यांदा तिथंच सुरू केला म्हणतात. तिथं बघण्यासारखं काय आहे, चर्चजवळ एखादा फलक वगैरे? का नुसतं गाव बघून यायचं, तेपण चालतंय म्हणा. मग शापोरा नदीच्या बाजूला कुठं तरी जेवण, तिसऱ्यांचं सुकं, मुडदुशा मासे मिळाले तर सोनंच. मग मांडवी, झुआरी ओलांडून मडगावला फातोर्डा स्टेडियम, तिथून फोंडा, मोलें, अनमोड घाट, खानापूर करून घरी. सत्तरीतल्या माणसाला हे जास्त होईल काय? आणि मॅच नसताना फातोर्ड्याला आत सोडतात काय, का गेटवरूनच नमस्कार?

चमचमीत रिसॉर्टवाली नावं नकोत, घरगुती खानावळ सांगा.

प्रतिसाद – चोर्लेकर
दादा, रविवार बदला पहिलं. गोव्यात बऱ्याच बारक्या खानावळी रविवारी बंद असतात, आणि ज्या उघड्या त्यात टुरिस्टांची ही गर्दी. शुक्रवार धरा, म्हापशाचा आठवड्याचा बाजार असतोय, आईंना तिथं सोडा म्हणजे दोन तास कुणी कुरकुर करणार नाही. दसऱ्यानंतर जायलाय ते बरं, जून-जुलैत ट्रॉलरबंदी असते. थाळीतला तुकडा बारीक येतोय, मासा आधी बघा, भाव विचारा आणि मगच तव्यावर टाकायला सांगा.

फातोर्डा मात्र माझं ऐकाल तर सोडा. मॅच नसताना रिकामं स्टेडियम बाहेरून बघायला पन्नासेक किलोमीटर खाली उतरायचं आणि अंधारात अनमोड चढायचा, कशाला? त्यापेक्षा शिवोलीहून पणजीला कांपालचं बांदोडकर मैदान बघा आणि आलेल्या वाटेनं उजेडात चोर्ला गाठा.

धागाकर्ता
शुक्रवार पटला, पोराची एक दिवस शाळा बुडू दे. बाकी फातोर्डा सोडायचं बाबांना सांगितलं तर म्हणाले, १९८९ ला ऑस्ट्रेलिया-श्रीलंका वनडे तिथं झाली, २०१७ ला सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप झाला, आणि तू मला कांपाल दाखवणार होय? म्हणजे भांडण मिटलं नाही. आता असं विचारायलोय, गोव्याच्या टीमची घरची मॅच असेल त्या दिवशी फक्त मडगाव केलं, शिवोली दुसऱ्या खेपेला ठेवली, तर मडगाव बाजूला दुपारच्या जेवणाला कुठं जायचं? आणि मॅच रात्री सुटल्यावर अनमोडनं यायचं का सरळ मडगावात मुक्काम करायचा, कुणी केलंय काय?