मदत हवी आहे : फोनला उचक्या लागल्यात, खोली ठरतच नाही

नमस्कार मंडळी,

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. विषय परवेसिव्ह कंप्युटिंग, म्हणजे आजूबाजूच्या जगात मिसळून गेलेले संगणक. माणूस ज्या खोलीत जाईल तशा फोनच्या सेवा बदलायच्या, पण कशा बदलायच्या ते ज्याचं त्याने ठरवायचं. म्हणजे वाचनकक्षात फोन मुका, प्रयोगशाळेत तिथला प्रिंटर यादीत सगळ्यात वर. संगणकशास्त्रज्ञ मार्क वायझरने १९९१ मध्ये मांडलेली कल्पना, वाचताना फार सोपी वाटली होती!

प्रत्येक खोलीत एक आयबीकन (ब्लूटूथवरून सतत आपली ओळख पाठवणारी डबी) लावलाय. ज्याचा आरएसएसआय (फोनला मिळणाऱ्या सिग्नलची ताकद; उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितकी जास्त) जास्त ती खोली, इतकं साधं लॉजिक. माझं टेबल नेमकं दोन खोल्यांमधल्या भिंतीला लागून आहे. फोन नुसता पडून असला तरी आकडा उणे ६८, उणे ७५, परत उणे ६६ असा नाचतो. खिशात टाकून पाठ फिरवली की आणखीच घसरतो. मिनिटभरात चार वेळा मुका, चार वेळा बोलका.

शिवाय स्क्रीन बंद झाली की स्कॅनच, म्हणजे आयबीकनचा शोध, थांबतं (अँड्रॉइड १३).

आणि खरं छळतंय ते हे : एका कॉलची वाट बघत होतो म्हणून हाताने आवाज चालू केला. ॲपने दोन मिनिटांत तो परत बंद केला आणि कॉल गेला. नियम मीच लिहिलेला, तरी माझंच ऐकेना. काय करू? जीपीएस सुचवू नका, इमारतीच्या आत त्याला खोल्या कळत नाहीत.

प्रतिसाद १
एका वाचनावर निर्णय घेऊ नका. शेवटच्या दहा वाचनांचा मध्यक घ्या. सरासरी नको, एखादं भलतं वाचन तिला ओढून नेतं. नवी खोली जुनीपेक्षा ६-८ डीबीने (डेसिबलने) सरस, तीही सलग दहा सेकंद, तरच बदला. शरीरातलं पाणी २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल शोषतं, त्यामुळे पाठ फिरवल्यावर आकडा पडणारच.

स्कॅनला फिल्टर (नेमके कोणते सिग्नल हवेत ती अट) लावलाय का? अँड्रॉइड ८.१ पासून बिनफिल्टरचं स्कॅन स्क्रीन बंद होताच थांबतं. मात्र तो सर्व्हिस यूयूआयडीवर (सेवेच्या ओळखक्रमांकावर) लावू नका, आयबीकनचा यूयूआयडी सिग्नलमधल्या मॅन्युफॅक्चरर डेटात, म्हणजे उत्पादकासाठीच्या भागात, असतो. मी यात एक अख्खा रविवार घालवलाय.

प्रतिसाद २
हाताने केलेला बदल नियमापेक्षा मोठा. माणूस त्या खोलीतून बाहेर पडेपर्यंत तो नियम स्थगित ठेवा. रिंगर मोड (फोन मुका की बोलका) बदलल्याचा ब्रॉडकास्ट, म्हणजे अँड्रॉइडकडून ॲपला सूचना, येतो, पण बदल ॲपने केला की माणसाने हे त्यात लिहिलेलं नसतं. ॲपने बदल करण्याआधी स्वतःची खूण ठेवा. आधी उचक्या थांबवा मात्र, नाहीतर दर मिनिटाला 'बाहेर पडलो' असं समजून स्थगिती उठेल.

धागाकर्ता
फिल्टर चुकीच्या जागीच होता! आता स्क्रीन बंद असतानाही वाचनं येतायत, आणि मध्यकाने टेबलावरचा नाच थांबला. स्थगितीचं आज रात्री लिहितो.

एक राहिलंच. प्रयोगशाळेतली भिंतीवरची स्क्रीन सगळ्यांची. एकाच्या फोनचा नियम तिला मंद करतो, दुसऱ्याचा लख्ख. दोघंही आत असले तर कुणाचं चालवायचं? आधी आला त्याचं?