उमरने खालिदला काढलं ते आकसानं?

वाळवंटी: काल एका ठिकाणी वाचलं, 'खलिफा उमरने जळफळाटापोटी खालिद बिन वलीदला घरी बसवलं.' डोकंच फिरलं. 634 मध्ये सत्तेवर येताच उमरने सीरियातल्या अरब फौजेचं सरसेनापतीपद खालिदकडून काढून अबू उबैदाला दिलं, खरं. पण 636 ला बायझंटाइनांविरुद्ध यर्मूकच्या लढाईत खालिद लढलाच ना? खालिदने मालिक बिन नुवैरा या टोळीप्रमुखाला मारवलं, त्यावरून उमर त्याच्यावर आधीपासूनच भडकलेला. कायमचं काढलं ते पुढे, खालिदने अश्अस या सरदारावर दहा हजार दिरहम उधळल्यावर. उमरचं म्हणणं, स्वतःचे असतील तर उधळपट्टी, खजिन्यातले असतील तर अफरातफर! चौकशीत पैगंबरांचा बांगी बिलाल याने खालिदला त्याच्याच फेट्याने बांधलं, अशी कथा आहे.

जुना कारकून: भर सभेत फेटा उतरवायचा? पैसे स्वतःचेच निघाले, तरी घरी! बांधकाम खात्यात 31 वर्षं काढली मी. पूल वेळेत उभा केला, उद्घाटनाच्या आठ दिवस आधी बदलीचा कागद. मुलीची दहावी. फुलं दुसऱ्याच्या गळ्यात. मला उमरचं कौतुक सांगू नका.

टपरी: काका, यर्मूक कुठे, तुमचा पूल कुठे?

जुना कारकून: घरून काम करणाऱ्यांना बदली काय कळणार? बॅग तरी भरलीस का कधी?

मोगरा: उलटंही बघा. आमच्याकडे एक 'साहेबांचा माणूस' नऊ वर्षं हलला नाही. अर्ज दाबायचा, पेढे खायचा. हलवावंच लागतं.

जुना कारकून: पेढे खाणारे राहतात, काम करणारे हलतात. तेच म्हणतोय!

वाळवंटी: धागा बदल्यांचा नाही!! इराण्यांविरुद्ध कादिसियाची लढाई जिंकणाऱ्या सअद बिन अबी वक्कासलाही उमरने तक्रारींवरून इराकातल्या कुफा शहरातून परत बोलावलं. त्याआधी त्याच्या वाड्याचा दरवाजा जाळायला मदीनेहून माणूस धाडला होता. आकस काय सगळ्यांशीच होता?

मिरजकर: हजरत उमर यांनी नंतर कळवलंच होतं, राग किंवा अफरातफर हे कारण नव्हतं, विजय खालिदमुळेच मिळतो असं लोकांना वाटायला लागलं होतं.

टपरी: मग मुआवियाला दमास्कसला सुभेदार म्हणून का ठेवला? त्यानेच पुढे राजघराणं थाटलं.

वाळवंटी: ...बरं, हा मुद्दा घ्या. अर्धाच.

जुना कारकून: खालिद 642 मध्ये अंथरुणावर मेला. इतक्या लढाया मारून! माझ्या पुलाच्या कोनशिलेवर माझं नाव नाही, पण कठडा मी उभं राहून बांधून घेतलाय. या बघायला.

टपरी: येतो. चहा तुमच्याकडून.