कमी चालणाऱ्या गाडीची सर्व्हिस दरवर्षी करावी का?

प्रश्न: माझी मर्सिडीज ई-क्लास पुण्यातल्या पुण्यात वर्षाला जेमतेम चार हजार किलोमीटर चालते. अशा गाडीचे इंजिन ऑईल दरवर्षी बदलणे खरोखर आवश्यक आहे का?

उत्तर १: होय. थोड्या अंतराच्या फेऱ्यांत ऑईल पुरेसे तापत नाही आणि त्यात ओलावा व इंधनाचा अंश साचत जातो, म्हणून किलोमीटर भरले नसले तरी वर्षाची मुदत पाळावी. ब्रेक फ्लुइड तर हवेतील पाणी शोषून घेते. ते दर 2 वर्षांनी बदलावे.

उत्तर २: सनरूफकडेही लक्ष असू द्यावे. माझी गाडी गुलमोहराखाली उभी असे. चौकटीच्या कोपऱ्यांतील निचऱ्याची भोके पाकळ्यांनी बुजली आणि पहिल्याच मोठ्या पावसात चालकाच्या पायाखालचा गालिचा पिळून काढण्याइतका भिजला. आता मे महिन्याच्या अखेरीस मी तेथे पेलाभर पाणी ओतून ते चाकाजवळून खाली गळते का, हे पाहतो. तार मात्र खुपसू नये, आतली नळी निसटते.

उत्तर ३: टायरच्या बाजूवरील शेवटचे चार आकडेही वाचावेत; ते टायर कधी बनले हे सांगतात, 2319 म्हणजे 2019 मधील 23वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर कडक होत जाते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. माझ्या टायरवर 0818 आहे, आणि गाडी उभी असते ती बुचाच्या झाडाखाली.